उशिरा घरी आलेली ई-टाइप

जुन्या स्पोर्ट्स कारच्या बाजारात एखाद्या मॉडेलचा भाव केव्हा चढेल आणि केव्हा उतरेल हे ताडायचे असेल, तर त्या गाडीच्या इंजिनाइतकेच तिच्या चाहत्यांच्या जन्मसालांकडे पाहावे लागते. स्पोर्ट्स कार म्हणजे माणसे आणि सामान वाहण्यापेक्षा चालवण्याचा आनंद डोळ्यांपुढे ठेवून बांधलेली, बहुधा दोनच आसनांची, ठेंगणी आणि वेगवान मोटार. ती ज्या वयात मनात भरते त्या वयात ती घेण्याची ऐपत नसते, आणि ऐपत येते तोवर माणूस मुलांची शिक्षणे आणि घराचे हप्ते यांतून जेमतेम मोकळा झालेला असतो. या दोन टप्प्यांमधले पंचवीस ते चाळीस वर्षांचे अंतर हाच या बाजाराचा खरा पाया आहे, आणि तो समजून घेण्यासाठी जॅग्वार ई-टाइप या ब्रिटिश गाडीइतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

ही गाडी १५ मार्च १९६१ रोजी जिनिव्हा येथे, तिथले मोटार प्रदर्शन उघडण्याच्या आदल्या दिवशी, पत्रकारांपुढे प्रथम उभी राहिली. त्या दिवशी पंधरा वर्षांचा असलेला मुलगा १९४६ चा, म्हणजे महायुद्धानंतर ब्रिटन-अमेरिकेत जन्मदर एकदम वाढला त्या काळातला. १९८६ साली तो चाळिशीत होता. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धातच ई-टाइपचे भाव गगनाला भिडले, हा निव्वळ योगायोग मानणे कठीण आहे. अर्थात त्या तेजीत सहज मिळणारे कर्ज होते, सटोडिये होते, गाडी न पाहताच घेऊन महिन्याभरात विकणारेही होते, आणि १९९० नंतर बाजार कोसळला तेव्हा त्यांच्यापैकी अनेकांचे हात चांगलेच पोळले. पण सटोडिया येतो तो कुणाची तरी खरी ओढ आधी तिथे असते म्हणून, आणि ही ओढ अभ्यासकांनीही तपासली आहे. स्मृतीचा अभ्यास करणाऱ्यांना असे आढळते की उतारवयातील माणसांना किशोरवय ते पंचविशी-तिशी या काळातील आठवणी इतर काळापेक्षा अधिक संख्येने आणि अधिक ठळकपणे येतात; आणि रॉबर्ट शिंडलर व मॉरिस हॉलब्रुक या ग्राहकवर्तनाच्या अमेरिकन अभ्यासकांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात, निरनिराळ्या काळांतील मोटारींची चित्रे पाहताना पुरुषांची पसंती त्यांच्या तरुणपणीच्या मोटारींकडे झुकते असे दिसून आले.

तरीही केवळ वयाचा हिशेब मांडून या गाडीचे गारूड उलगडत नाही, कारण त्याच वर्षी निघालेल्या कितीतरी मोटारी आज कुणाला आठवतही नाहीत. जिनिव्हात छत असलेली, म्हणजे कूपे प्रकारची, ई-टाइप नेण्यात आली होती. ती चालवून पाहण्यासाठी इतकी झुंबड उडाली की खुल्या टपाची दुसरी गाडी ताबडतोब मागवावी लागली, आणि कंपनीचे चाचणीचालक नॉर्मन ड्यूइस ती कॉव्हेंट्रीहून रातोरात हाकत घेऊन आले. लोकांना भुरळ पडली ती आधी आकाराची. तो आकार ज्यांनी घडवला ते माल्कम सेयर मुळात ब्रिस्टल विमान कंपनीत काम केलेले वायुगतिकीचे, म्हणजे वाहत्या हवेचा वस्तूवर काय परिणाम होतो या शास्त्राचे, जाणकार होते. मातीचा नमुना हाताने चाचपत घडवण्याऐवजी ते गाडीच्या पृष्ठभागावरील बिंदूंचे स्थान लॉगॅरिदमच्या तक्त्यांच्या आधारे गणिताने काढत आणि ते बिंदू जोडून वक्ररेषा मिळवत. त्यांच्याच सी-टाइप आणि डी-टाइप या शर्यतीच्या गाड्यांनी फ्रान्समधील ल मां येथील चोवीस तासांची शर्यत १९५१ ते १९५७ या काळात पाच वेळा जिंकली होती. ई-टाइप ही त्या गणिताला रस्त्यावर आणणारी गाडी होती, आणि स्वतःला सजावटकार म्हणवून घेणे ज्यांना कधीच रुचले नाही अशा माणसाच्या हातून विसाव्या शतकातील सर्वांत देखणी मानली जाणारी मोटार घडावी, यात त्या सौंदर्याचे मर्म आहे. त्यातली एकही रेषा डोळ्याला खूश करण्यासाठी वळवलेली नाही. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्ट या आधुनिक कलेच्या संग्रहालयाने १९९६ मध्ये एक निळी खुली ई-टाइप आपल्या कायमच्या संग्रहात दाखल करून घेतली, ती उगाच नव्हे.

आकाराच्या जोडीला वेगही होता. लांबलचक बॉनेटखाली ३.८ लिटरचे सहा सिलिंडरचे ‘एक्सके’ इंजिन होते. महायुद्धात कॉव्हेंट्रीवर बाँब पडत असताना कारखान्याच्या छतावर आगीचा पहारा देताना कंपनीचे प्रमुख विल्यम लायन्स आणि त्यांच्या अभियंत्यांनी त्याचा आराखडा चर्चेत आणला आणि १९४८ मध्ये ते प्रथम प्रकाशात आले. गाडी ताशी १५० मैल, म्हणजे सुमारे २४० किलोमीटर, धावते असा कंपनीचा दावा होता आणि मोटार नियतकालिकांच्या चाचण्यांत तो आकडा गाठलाही गेला, मात्र त्या गाड्या खास तयार केलेल्या होत्या आणि सामान्य ग्राहकाच्या गाडीला तिथवर पोचणे अवघड जाई, हे आता सर्वमान्य आहे. खुल्या गाडीची किंमत कर धरून २,१०० पौंडांच्या आत होती. त्याच तोडीच्या अ‍ॅस्टन मार्टिनला जवळपास दुप्पट मोजावे लागत, म्हणून जाणकारांना ती स्वस्त वाटली; पण ब्रिटिश कामगाराचा आठवड्याचा पगार तेव्हा साधारण पंधरा पौंड होता आणि छोटी मिनी पाचशे पौंडांच्या आसपास मिळे. शाळकरी मुलाच्या वडिलांनी अडीच-तीन वर्षांचा संपूर्ण पगार जसाच्या तसा साठवला असता तरच ती दारात आली असती, म्हणून ती भिंतीवरच्या चित्रात राहिली.

पुढे जे घडले ते या कथेतले सर्वांत हळहळ लावणारे प्रकरण आहे. ई-टाइपचे उत्पादन १९७४ मध्ये थांबले. तोवर तिन्ही मालिका मिळून ७२,००० हून अधिक गाड्या बनल्या होत्या आणि त्यांतील बहुसंख्य अमेरिकेला गेल्या होत्या. १९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोल ढोसणाऱ्या, गंजू लागलेल्या, दुसऱ्या-तिसऱ्या हाती गेलेल्या ई-टाइपला कुणी विचारीना, आणि चांगल्या चालत्या गाड्या साध्या जुन्या सेडानच्या भावात निघाल्या. म्हणजे ज्या वर्षांत ही गाडी सर्वांत स्वस्त होती, नेमक्या त्याच वर्षांत १९६१ चा तो मुलगा पाळण्यातल्या बाळासाठी मागचे आसन असलेली मोटार शोधत होता. अनेक गाड्या त्या काळात भंगारात गेल्या. ज्या वाचल्या त्यांतल्या पुष्कळांना मिळेल तो पत्रा ठोकून आणि पुट्टी भरून कशीबशी चालती ठेवण्यात आले, आणि आजच्या खरेदीदारापुढे जी अडचण उभी राहते तिचे मूळ तिथे आहे.

ती अडचण समजण्यासाठी गाडीची बांधणी पाहिली पाहिजे. साध्या जुन्या मोटारीत खाली जाड लोखंडी चासी असते आणि वर बॉडी बसवलेली असते. ई-टाइपमध्ये दारे, बैठक आणि मागचा भाग यांना मिळून अशी स्वतंत्र चासी नाही. पातळ पोलादी पत्र्यांचे अनेक तुकडे वेल्ड करून केलेली पेटीच सगळा भार वाहते आणि या रचनेला मोनोकॉक म्हणतात. या पेटीच्या पुढच्या आडव्या भिंतीला चौकोनी नळ्यांचा एक सांगाडा बोल्टांनी जोडलेला असतो; इंजिन आणि पुढची चाके त्यावर पेलली जातात. या नळ्या सायकलींच्या उत्तम सांगाड्यांसाठी ख्यातनाम असलेल्या रेनॉल्ड्स ५३१ या पोलादाच्या आहेत. शर्यतीच्या गाडीतून आलेली ही रचना हलकी आणि ताठ आहे, पण पोकळ पेटीत एकदा ओल शिरली की गंज आतून बाहेर येतो, आणि रंगावर पहिला फोड दिसेपर्यंत आतला पत्रा चाळणीसारखा झालेला असतो.

म्हणूनच स्वप्नातली गाडी पाहायला गेलेल्या माणसाने आधी गुडघे टेकावेत. दाराखाली, पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत जाणारा पोकळ पट्टा असतो, त्याला सिल म्हणतात. मोनोकॉकचा बराचसा ताठपणा त्यात असतो. सुती कापडात गुंडाळलेला छोटा लोहचुंबक या पट्ट्यावरून इंच-इंच सरकवत न्यावा. पोलादावर तो हलकासा चिकटत जातो, आणि जिथे रंगाखाली पुट्टीचा, म्हणजे रंगारी ज्याला लांबी म्हणतात तिचा, जाड थर असतो तिथे तो निसटून हातात येतो. मग दार हळूच उघडून बंद करावे. कडी लागताना दार किंचित वर उचलावे लागत असेल, किंवा दाराच्या मागच्या कडेची फट वर अरुंद आणि खाली रुंद दिसत असेल, तर पेटी मध्ये खचली आहे असे समजावे. सिल बदलताना दाराच्या चौकटीत आधाराच्या सळ्या वेल्ड न करताच कुणीतरी जुना पत्रा कापून काढल्याची ती खूण असते. खुल्या गाडीत वर छताचा आधार नसल्याने ही खोट लवकर उघडी पडते. पुढच्या सांगाड्यात बॅटरीखालची नळी बोटांनी चाचपावी, कारण बॅटरीतून झिरपलेल्या अ‍ॅसिडने ती खाल्लेली असण्याचा फार संभव असतो, आणि नळी आतून गंजली असेल तर तिला ठिगळ लावणे धोक्याचे असते. तो भाग पूर्ण बदलावाच लागतो.

इंजिनाबद्दल त्या मानाने निर्धास्त राहता येते, कारण एक्सके इंजिन दणकट आहे आणि त्याचे भाग आजही मिळतात. ते पूर्ण तापल्यावर मिनिटाला ३,००० फेऱ्यांच्या वेगात ऑइल प्रेशरचा काटा ४० पौंडांच्या आसपास स्थिर राहावा. क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकाला ऑइल अडवणारे सील दोरीसारख्या वळलेल्या पदार्थाचे असल्याने तिथून थोडी गळती होतेच, मात्र ती बंद करायची तर इंजिन खाली उतरवावे लागते, हे खर्चाच्या हिशेबात धरावे. मागच्या बाजूची रचना याहून नाजूक आहे. डिस्क ब्रेक चाकांशी नसून गाडीच्या मधोमध, डिफरन्शियलला, म्हणजे दोन्ही मागच्या चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणाऱ्या दंतचक्रांच्या पेटीला, लागून बसवलेले आहेत. त्यामुळे चाकांवरचे ओझे कमी होते, पण ब्रेकच्या उष्णतेने ऑइल सील शिजतात, ऑइल डिस्कवर येते आणि ते नीट करण्यासाठी, ज्यात हे सगळे बसवलेले आहे तो मागचा संपूर्ण पिंजरा बहुधा खाली घ्यावा लागतो.

पत्र्यानंतर कागद. गाडीच्या बॉडीला, इंजिनाला आणि गिअरबॉक्सला कारखान्यात वेगवेगळे क्रमांक ठोकलेले असतात, आणि जॅग्वारच्या वारसा न्यासाकडे असलेल्या मूळ नोंदींवरून ते जुळतात की नाही, गाडी कोणत्या रंगात बाहेर पडली, कोणत्या देशात गेली, याचे प्रमाणपत्र मिळू शकते. सर्व क्रमांक मूळचे असतील तर किमतीत मोठी भर पडते. या भरीपोटी कुणी क्रमांकाच्या पट्ट्याच बदलण्याचा उद्योग करतो, म्हणून प्रमाणपत्रावर विसंबण्याआधी धातूवरचे ठसे स्वतः वाचलेले बरे. अमेरिकेच्या कोरड्या राज्यांतून परत आलेल्या गाड्यांचा पत्रा पुष्कळदा इंग्लंडच्या मीठ टाकलेल्या हिवाळी रस्त्यांवर राहिलेल्या गाड्यांपेक्षा चांगला असतो. त्यांचे स्टिअरिंग डावीकडे असते म्हणून नाक मुरडणाऱ्या खरेदीदाराने सुका पत्रा आणि उजवे स्टिअरिंग यांत पहिल्याची निवड करावी, कारण स्टिअरिंग हलवता येते.

पुनर्बांधणीबद्दल मात्र या गाड्यांच्या जगात मतभेद आहेत आणि त्यात भूमिका घ्यावीच लागते. एका टोकाला प्रत्येक नट नवा चकचकीत करून गाडी कारखान्यातून निघाली त्याहून देखणी करणारे आहेत. दुसऱ्या टोकाला तिच्यातले इंजिनच काढून टाकणारे. जॅग्वारने स्वतःच २०१७ मध्ये विजेवर चालणारी ई-टाइप झीरो दाखवली, आणि मे २०१८ मध्ये ब्रिटनचे राजपुत्र हॅरी विवाहानंतर तशाच गाडीतून वधूसह स्वागतसमारंभाला गेल्याने ती जगभर पाहिली गेली. ऐतिहासिक वाहनांच्या संघटनांचा आंतरराष्ट्रीय महासंघ असलेल्या ‘फिव्हा’ने मात्र २०१९ मध्ये स्पष्ट केले की असे रूपांतर केलेले वाहन ऐतिहासिक वाहन राहत नाही. ही भूमिका योग्य आहे. ई-टाइपचा आकार इंजिनाच्या लांबीने, त्याच्या उष्णतेने आणि त्याला लागणाऱ्या हवेने ठरवला आहे, आणि ते काढून घेतल्यावर उरते ते सुंदर कवच. उलट टोकाला, सगळे मूळ पत्रे फेकून नव्याने घडवलेली निर्दोष गाडी हीसुद्धा तिच्या साठ वर्षांच्या आयुष्याची साक्ष पुसूनच उभी राहते. जिथे भार पेलला जातो तिथे नवे पोलाद, आणि जिथे हात लागले आहेत तिथे जुने चामडे, असा मध्यम मार्ग जाणत्या कारागिरांनी स्वीकारलेला दिसतो.

असा सगळा तपास पार करून गाडी हाती आली की चालवण्याचा अनुभव काय असतो, हेही नोंदवले पाहिजे, कारण भिंतीवरच्या चित्रात तो नव्हता. पहिल्या मालिकेच्या गाडीत किल्ली फिरवल्यावर फक्त वीजप्रवाह सुरू होतो. इंजिनासाठी डॅशबोर्डच्या मध्यभागी वेगळे बटण दाबावे लागते, आणि त्याच्या शेजारी ओळीने लहान लहान खटके असतात. बसल्यावर समोर दिसते ते रस्त्यापेक्षा बॉनेट अधिक, आणि काच इतकी रुंद व बुटकी की तिला पुसायला तीन वायपर दिलेले आहेत. ३.८ लिटरच्या गाडीचा चार गिअरचा मॉस गिअरबॉक्स सावकाश हाताचा आहे. त्याच्या पहिल्या गिअरला सिंक्रोमेश, म्हणजे फिरती दंतचक्रे आपोआप एका वेगावर आणणारी योजना, नसल्याने चालत्या गाडीत तो टाकायचा तर जुने ट्रकचालक ज्याला डबल क्लच म्हणतात ते तंत्र वापरावे लागते. ब्रेकला पाय जोरात द्यावा लागतो आणि शहरातल्या गर्दीत तापमानाचा काटा वर चढू लागतो. ज्याने तीस वर्षे आधुनिक मोटारी चालवल्या आहेत त्याचा पहिल्या दिवशी विरस होणे स्वाभाविक आहे. पण मोकळ्या, वळणांच्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये इंजिनाचा सूर वर चढत गेला की १९६१ मधल्या पत्रकारांनी एवढे शब्द का खर्च केले ते कळते, आणि मुख्य म्हणजे त्या मुलाचा अंदाज चुकला नव्हता हेही कळते.

ही गाडी भिंतीआड बंद करून ठेवण्याचा मोह मोठा असतो, विशेषतः ब्रिटनमध्ये, जिथे खासगी मोटारीच्या विक्रीतील नफ्यावर भांडवली नफ्याचा कर लागत नाही आणि चाळीस वर्षांवरील ऐतिहासिक वाहनांना वार्षिक तपासणीतून व रस्तेकरातून सूट मिळते. पण उभी गाडी बिघडते: ब्रेकच्या सिलिंडरांत गंज धरतो, रबरी सील कोरडे पडतात, टाकीतले पेट्रोल नासते. नियमित चाललेली, थोडी मळकी गाडी ही तापमान-नियंत्रित कोठडीतल्या गाडीपेक्षा जवळजवळ नेहमीच अधिक निरोगी निघते.

मराठी वाचकासाठी या कथेत आणखी एक दुवा आहे. मुंबईत मुख्यालय असलेल्या टाटा मोटर्सने २००८ मध्ये फोर्डकडून जॅग्वार लँड रोव्हर २३० कोटी डॉलर्सना विकत घेतली, आणि कॉव्हेंट्रीजवळच्या रायटन येथे जुन्या जॅग्वार दुरुस्त करणारे कंपनीचे खास केंद्र २०१७ मध्ये उघडले ते या मालकीच्या काळातच. भारतात केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात राखलेल्या दुचाकी व चारचाकी वाहनांसाठी स्वतंत्र नोंदणीची तरतूद केली. अशा वाहनाच्या क्रमांकात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ ही अक्षरे येतात आणि नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आहे. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे व दुरुस्ती अशा कारणांसाठीच ते रस्त्यावर आणता येते, रोजच्या वापरासाठी नाही. म्हणजे १९७४ पर्यंतच्या ई-टाइप वयाच्या अटीत आता बसतात, मात्र चालवण्याची मोकळीक ब्रिटनच्या तुलनेत फार आखडती आहे आणि ती वाढवण्याची मागणी रास्त आहे.

पहिल्या चाहत्यांची पिढी आता ऐंशीच्या घरात आहे. तिच्या पाठोपाठ आलेल्यांच्या भिंतींवर लँबोर्गिनी काउंटॅक आणि पोर्शे ९११ टर्बो होत्या, त्यानंतरच्यांनी निसान स्कायलाइन जीटी-आर आधी व्हिडिओ गेममध्ये चालवली. अमेरिकेत पंचवीस वर्षांवरील परदेशी गाड्यांना आयातीची मुभा असल्याने १९९९ ची स्कायलाइन २०२४ पासून तिथे कायदेशीर झाली आणि तिच्यासाठी आता त्या पिढीची तीच धडपड चालू आहे. ई-टाइपचे भाव त्यामुळे काहीसे नरमले आहेत. गुंतवणूकदाराला ही वाईट बातमी असेल, पण ज्याला ती चालवायची आहे अशा माणसाला गेल्या काही वर्षांतली ही अनुकूल वेळ आहे.

ज्याने खरोखर घ्यायचे ठरवले आहे त्याने पहिल्या मालिकेतील ४.२ लिटरची कूपे पाहावी. ऑक्टोबर १९६४ पासूनच्या या गाड्यांत चारही गिअरना सिंक्रोमेश आहे, ब्रेक आणि आसने सुधारलेली आहेत, आकार मूळचाच आहे, आणि खुल्या गाडीपेक्षा ती बरीच कमी किमतीत मिळते. खिशाला तीही झेपत नसेल तर दुसऱ्या मालिकेची गाडी घ्यावी. तिचे दिवे उघडे आणि कमी देखणे असले तरी ब्रेक व इंजिन थंड राखण्याची व्यवस्था अधिक चांगली आहे. बारा सिलिंडरची तिसरी मालिका लांब पल्ल्याच्या निवांत प्रवासाला उत्तम, पण १९६१ च्या मुलाने पाहिलेली गाडी ती नव्हे. आणि किंमत ठरवण्याआधी सिल, पुढचा सांगाडा आणि ठोकलेले क्रमांक एखाद्या स्वतंत्र जाणकाराकडून तपासून घ्यावेत, कारण रंग आणि चामडे नव्याने करता येते, पण खचलेली पेटी सरळ करण्याचा खर्च पुष्कळदा गाडीच्या किमतीहून अधिक होतो.